सहा कुलपांच्या थंड खोलीची व्यवस्था

मी, कडूबाई हिंमतराव तांबारे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खव्याची भट्टी, राहणार ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने गेल्या आठवड्यात माझ्याशी खव्याचा भाव करायला आलेल्या सोलापूरच्या व्यापाऱ्याला विचारावे. तो चहा न पिताच गेला.

१. राहते घर मुलगा दिग्विजय याला. तो पुण्यात असतो. दिवाळीला येतो आणि भट्टीच्या धुराने डोळे चोळत बसतो. त्याच धुरावर त्याचे शिक्षण झाले, हे त्याने डोळे पुसून झाल्यावर आठवावे.

२. दोन्ही कढया आणि लांब दांड्याची उलथणी सूनबाई राजेश्वरी हिला. तिने एकदाच खवा आटवला, पण तळाला लागू दिला नाही. "फ्लॅटमध्ये जागा नाही" असे दिग्विजय म्हणाला, तर त्याला बाहेर ठेवून कढया आत घ्याव्यात.

३. आता खरी भानगड. भट्टीमागची जागा माझी आहे, तीवरची थंड खोली गटाची. आम्ही गावातले सात भट्टीवाले. तो सोलापूरचा व्यापारी एकेकाला फोन करायचा, "तुमचा शेजारी स्वस्तात देतोय." आम्ही शेजाऱ्याला न विचारता भाव पाडायचो. म्हणून गट केला. सगळ्यांचा खवा एकत्र ठेवून तुळजापूरच्या पेढेवाल्यांना थेट द्यायचे ठरले. खोली झाली, पण दाराला कुलूप कोणाचे यावर एकमत होईना. शेवटी प्रत्येकाने आपापले लावले. मला तेवढे म्हणाले, "मावशी, तुमी तर शेजारीच ऱ्हाता, तुमाला कुलूप कशाला?"

गेल्या नवरात्राच्या तोंडावर खोली भरली आणि वीज गेली. माल लगेच तुळजापूरला पोचवायचा होता. टेम्पो दारात, सहाही जण किल्ल्या घेऊन हजर.

गुंडप्पा शेटे म्हणाले, "माझं कुलूप म्या शेवटी काढणार. आधी तुमची काढा."

शरणम्मा म्हणाली, "मी काय येडी हाय व्हय, आधी काढायला?"

ज्याचे कुलूप आधी निघेल त्याचा धाक संपला, असा सगळ्यांचा हिशेब. दिवस मावळला, खवा आंबला. पेढेवाल्यांनी त्याच व्यापाऱ्याकडून माल घेतला, आणि तो त्याने आदल्या आठवड्यात आमच्याकडूनच पडत्या भावात उचललेला होता. नंतर मी सभा बोलावली. सभेला मी आणि सतरंजी.

४. ती जागा त्या व्यापाऱ्याला विकावी असे दिग्विजयचे मत आहे. तसे झाले तर सातही भट्ट्या त्याच्या दारात उभ्या राहतील आणि मला मेल्यावरही झोप लागणार नाही. म्हणून जागा गटाला देते. अट एकच: दाराला एक कुलूप, किल्ली दर महिन्याला वेगळ्या घरी, पहिला महिना गुंडप्पांकडे. त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून सुरुवात तिथूनच. दुसरे कुलूप दिसले की जागा दिग्विजयची. मग त्याने खुशाल विकावी.

५. माझ्या तेराव्याचे गोड जेवण गटाच्याच खव्याचे करावे. त्या व्यापाऱ्याला आग्रहाने बोलवावे, पोटभर वाढावे, भाव मात्र सांगू नये.

साक्षीदार दोन पुरतात. तेवढेच बोलावले होते. पण जागेची बातमी फुटली आणि गटातले सहाही जण वकिलांच्या आधी ओसरीवर येऊन बसले. सभेला बोलावून आले नाहीत, मरणाच्या कागदाला न बोलावता आले. मी कलम चार मोठ्याने वाचले.

गुंडप्पांनी विचारले, "कडूबाई, ह्ये लागू कवापासून?"

"मी मेल्यावर."

"मंग तवर आमची कुलपं ऱ्हाऊ द्या की."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचे आयुष्यात पहिल्यांदा एकमत झाले, तेही माझ्या मरणाची वाट पाहण्यावर. मला रडू आले आणि संतापही आला. यंदाचे नवरात्र पंधरवड्यावर आले आहे. कलम चार आजपासून लागू करा, असे मी वकिलांना सांगितले. ते म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. मी म्हणाले, मग इथपर्यंत मृत्युपत्र, आणि इथून खाली सभेचे इतिवृत्त लिहा. सभासद सगळे हजर आहेत आणि अंगणाचे दार मी लावून घेतले आहे.

लिहून ठेवणार: कडूबाई हिंमतराव तांबारे (सही)

साक्षीदार: श्रीनाथ गवारे (सही), वीरप्पा कोरे (सही)

ठराव: एक कुलूप, आजपासून. सूचक: कडूबाई. अनुमोदक: शरणम्मा (सही), गुंडप्पा शेटे (सही, सर्वांत शेवटी) व इतर चार (सह्या).

ठिकाण: ईट. दिनांक: ७ सप्टेंबर २०२५.