उंबऱ्याजवळची वाटी

सांगली
२ नोव्हेंबर २०२५

॥ श्री ॥

ती. तात्यांस, संयोगिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून पूर्वीसारखं पत्र. सोबत माझं पुस्तक आहे. घरातले कुळाचार, चौथी शिकलेल्यालाही वाचता येतील असे, मोठ्या टायपात. पुण्यात संसार मांडलेल्या पोरी मला विचारायच्या, तळी कशी भरतात, भटजी लागतात का. त्यांच्यासाठी लिहिलं. जे पाहिलं ते तसंच लिहायचं, काही गाळायचं नाही, हा माझा हट्ट. चंपाषष्ठीची तळी तर सगळी तुमच्या हातची आहे. वही घेऊन शेजारी बसले होते तेव्हा तुम्ही मला सरकारी पंच म्हणून चिडवलं होतंत!

साडेतीनशे प्रती गेल्यासुद्धा. तुमच्या गल्लीत वाटायला वीस जास्तीच्या पाठवल्यात. आई बरी आहे. पुस्तक कसं वाटलं ते कळवा. तुमच्या शाबासकीची भूक या वयातही गेलेली नाही.

तुमची पुतणी,
संयोगिता


रहिमतपूर
९ नोव्हेंबर २०२५

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

चि. सौ. संयोगितास तात्याबाचे अ. आ.

पुस्तकं पोचली, वीसच्या वीस वाटली. मग माझं एका बैठकीत वाचून काढलं. पोरी, साठ वर्षं मी जे करतोय ते मलाच नव्यानं कळलं. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, भंडारा, खोबरं, पाच जणांनी धरून येळकोट म्हणत तीनदा उचलायचं, सगळं बिनचूक. पण एकतिसाव्या पानावर घात केलास. खोबऱ्याची एक वाटी उंबऱ्याजवळ वेगळी ठेवावी, ती कोणी खाऊ नये, असं लिहिलंस. असा नियम कुठंही नाही.

ते फक्त मी करतो. तुझे वडील, माझा लाला, जन्मभर माझ्या समोरून ताम्हन धरायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. ताम्हनाला पाच जण लागतातच, म्हणून त्याच्या जागी दुसरा बसला. पण प्रसाद वाटताना लालाचं खोबरं माझ्या हातात राहिलं. दुसऱ्याला द्यायला जीव होईना. उंबऱ्याजवळ ठेवलं. तेव्हापासून दरवर्षी ठेवतो. तुझ्या काकूलाही सांगितलेलं नाही.

आता एवढी घरं माझं दुःख देवाचा नियम म्हणून पाळणार. देवासमोर उभं राहायची लाज वाटते मला. चंपाषष्ठी तोंडावर आली आहे. काहीही कर, पण ते काढ.

रागावलो असलो तरी माया आहे तेवढीच आहे.

तुझा,
तात्या


सांगली
१७ नोव्हेंबर २०२५

ती. तात्यांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवत होते, मध्येच तिनं ते माझ्या हातातून घेतलं. पुढचं तिनंच वाचलं. मग म्हणाली, भाऊजींनी हे एकट्यानं का सोसलं?

चूक माझी. हातानं काय केलं ते टिपलं, का केलं ते विचारलंच नाही. वाटी ठेवणं हा विधीचा भाग नाही, अशा चिठ्ठ्या छापून घेतल्या आहेत. मिरज, कोयनानगर, जिथं जिथं पुस्तक गेलं तिथं पोस्टानं धाडते आहे. तुमच्या गल्लीच्या वीस या पाकिटात आहेत, तेवढ्या चिकटवून याल का?

पदरात घ्या. पूर्वीइतकाच जीव लावा.

तुमची,
संयोगिता


रहिमतपूर
२७ नोव्हेंबर २०२५

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

चि. सौ. संयोगितास अ. आ.

पाकीट ऐन चंपाषष्ठीच्या सकाळी मिळालं. डिंकाची बाटली घेऊन तसाच निघालो. पहिलं घर हरणाबाईचं. तिचे मालक भाऊसो माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलेले, इथंच राहिले, चार वर्षांपूर्वी वारले. तळीचे बोल त्यांनाच येत, म्हणून तेव्हापासून त्या घरात तळी नव्हती. काल सून अपेक्षा तुझं पुस्तक मोठ्यानं वाचत होती आणि घर तळी भरत होतं.

उंबऱ्याजवळ वाटी होती. मी चिठ्ठी काढली तर हरणाबाईनं वाटीवर हात धरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आवं तात्या, ही आमच्या मालकांची हाय, चार वर्सं घरात त्यांचं नाव कुनी घेतलं न्हाई, आज पोरं लय बोलली.

संयोगिता, ती वाटी कोणासाठी ते तू लिहिलेलं नाहीस. मी इथं कोणाला सांगितलेलं नाही. मग तिला कोणी सांगितलं? पुढच्या घरी दोन वाट्या. त्याच्या पुढं स्वप्नालीच्या घरी एक, चारच दिवस जगलेल्या लेकीची. डिंकाची बाटली मी उघडलीच नाही. मी लपवून ठेवलं होतं ते गल्लीनं उजेडात मांडलं होतं. एवढी वर्षं येळकोट म्हणतोय, पण खंडोबा इतक्या जवळ उभा आहे असं कधी वाटलं नव्हतं. घरी येऊन तळी उचलली आणि वाटी ठेवताना सगळ्यांदेखत म्हणालो, ही लालाची.

चिठ्ठ्या परत पाठवतोय. पान राहू दे. खाली एवढं छाप, की हा देवाचा नियम नाही. रहिमतपूरच्या तात्याबानं आपला भाऊ लालासाहेब याच्यासाठी सुरू केलं, ज्याला वाटेल त्यानं करावं.

आणि पुढच्या चंपाषष्ठीला वहिनींना घेऊन ये. वाटी त्यांनी ठेवायची.

तुम्हा दोघींची वाट पाहणारा,
तात्या