आठपैकी सहा नळ कडू

१९ मार्च २०२६, गुरुवार. पाडवा
नवीन वर्ष. १ जानेवारीचे संकल्प इंग्रजी होते, म्हणून टिकले नाहीत. हे आपले. पोट कमी करायचं. रोजनिशी रोज. बिअर फक्त शनिवारी, तीही अभ्यास म्हणून.

आई वैजापूरहून आली आहे, गुडघे दाखवायला. सकाळी हातावर कडुलिंबाचा पाला आणि गूळ ठेवला. गूळ खाल्ला. पाला गॅलरीतून खाली. आईनं पाहिलं. म्हणाली, की ल्हानपणापून असंच हाय तुझं, कडू म्हटलं की तोंड फिरवतो. तिला काय सांगणार? 'त्रेपन्नावा दरवाजा' ब्रुअरीत आयपीए या कडू बिअरच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. (बहुतेक वेळा मी बोललो की पुढं कुणी बोलत नाही.) लिंबाचा कडूपणा गावठी. आयपीएत घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा वेगळा. त्याला लेयर्स असतात.

२१ मार्च, शनिवार
बावन्न दरवाजांच्या गावात ब्रुअरी काढून तिला 'त्रेपन्नावा दरवाजा' नाव देणारा सत्यम मूळचा पिशोरचा. मक्याचं शेत सोडून बिअर शिकला. आठ नळ लावलेत. सहा आयपीए, एक काळी, एक गव्हाची. आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी, इथं आठही नळ रोज चालू. विकास म्हणतात तो हाच.

आज मात्र रंगाचा बेरंग. बँकेतल्या बुद्धभूषणनं सगळ्यांसमोर विषय काढला, की आयपीए लई झाल्या. सहा नळ अन् सहाही कडू. एवढं कडूच पाहिजे तर घरचं कारलं काय वाईट? उन्हाळा तोंडावर आलाय, माणसाला गार, हलकं काही नको का? आपल्याकडं मोसंबी ढिगानं पिकते, ती घालून गव्हाची कर, असं सत्यमला म्हणाला. लोक माना डोलवायला लागले.

मी उभा राहिलो. सांगितलं, की आयपीएमधला आय म्हणजे इंडिया, जरा विचार करा. मागून कुणीतरी विचारलं, मग पी म्हणजे पिशोर का? हशा. मुद्दा नीट पोचला नाही.

२२ मार्च, रविवार, सकाळी
ब्रुअरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लेख टाकला. शीर्षक 'कडू सत्य'. लांबीमुळे तीन भागांत. संस्कृतीनं (आर्किटेक्ट, ग्रुपची अ‍ॅडमिन) अंगठा दाखवला. वर का खाली ते चष्म्याशिवाय कळलं नाही. वर धरून चालतो.

दुपारी
सत्यमनं जाहीर केलं: ४ एप्रिलला मतदान. आयपीए कमी करायच्या की नाही. जी बाजू जिंकेल तिच्या म्होरक्याच्या नावाची बिअर, पाटीवर, खडूनं.

नाव! वाळूजला कंपनीत परचेसमध्ये केस पिकले, पण केबिनच्या दारावर अजून माझ्या आधीच्या राजकुमारसाहेबांची पाटी. व्हेंडर लोक मलाही राजकुमारसाहेबच म्हणतात. आता मी ओ देतो. फ्लॅट बायकोच्या, प्रेरणाच्या नावावर, म्हणून दारावर तिचं नाव. एकदा, कुठंतरी, 'शिवराज' असं लिहिलेलं दिसावं. हे तिलाही बोललेलो नाही. इथं लिहितो.

२५ मार्च, बुधवार
प्रचाराला ब्रुअरीत गेलो. (शनिवारचा नियम प्रचाराला लागू नाही.) नळावरच्या मोतीरामला गव्हाची मागितली. शत्रूची ताकद माहीत हवी. अभ्यास तीन ग्लास चालला. मोतीराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की साब तो हर बार यहीच लेते. त्याला बाजूला घेऊन समजावलं.

पोटाचं उद्यापासून.

२८ मार्च, शनिवार
मोठी बातमी. सत्यमनं नवी आयपीए केली आहे, अजून नळावर लावलेली नाही. तिची एक तपकिरी बाटली माझ्या हातात दिली. मतदानाच्या दिवशी सगळ्यांना हीच पाजा अन् हिच्यावरच बोला, म्हणाला. दुसरं कुणी नेईना, असंही म्हणाला. विनयशील आहे.

घरी फ्रिजमध्ये मागं ठेवली. आईच्या नजरेतून काही सुटत नाही. काय हाय ते, म्हणून विचारलंच. बिअर म्हणायची माझी हिंमत आहे, पण तिच्या गुडघ्यांची काळजी वाटली. म्हणालो, काढा आहे, अ‍ॅसिडिटीचा, वैद्याकडून आणला. आईचा चेहरा असा उजळला, की मलाच बरं वाटलं. काढा तर म्याबी करते, वैद्याला कशाला इचारायचं, म्हणाली. हसून विषय तिथंच संपवला. अशा वेळी मी हुशार असतो.

१ एप्रिल, बुधवार
पाण्याचा दिवस. पहाटेपासून घरात जे जे पोकळ ते ते भरणं चालू: हंडे, बादल्या, कुकर, बाटल्या. प्रेरणा म्हणाली, की जरा हात लाव. मी भाषण लिहीत होतो. देशाचं काम करणाऱ्यांना घरातून साथ मिळत नाही, हे जुनंच.

आई किचनमध्ये सकाळभर काहीतरी उकळत होती. घरभर उग्र वास. संध्याकाळी फ्रिज उघडून खात्री केली. माझी बाटली जागेवर, काठोकाठ. उलट आधीपेक्षा जास्त भरलेली वाटली. गारव्यानं बिअर फुगत असावी. सत्यमला विचारायला हवं.

३ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळी
दोघी भाजीला गेल्या आहेत. झाकणभर चाखली.

काय सांगू! नोट्स घेतल्या त्या अशा. रंग: गडद, आत्मविश्वास असलेला. फेस: नाही. ही जुनी इंग्रजी पद्धत, मुद्दाम ठेवलेली. वास: पाईनचं जंगल, ग्रेपफ्रूट, किंचित लेदर. (पाईनचं जंगल पाहिलेलं नाही, पण ओळखलं.) चव: जीभ बधिर, डोळ्यांत पाणी. फिनिश: अर्धा तास झाला, अजून चालू आहे. मध्ये साखर खाल्ली, तरी चालू आहे.

सत्यमनं हद्द केली. बुद्धभूषणचं उद्या काही खरं नाही.

४ एप्रिल, शनिवार
आज लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

५ एप्रिल, रविवार
रोजनिशी रोज, असा संकल्प आहे, म्हणून कालचं लिहितो.

हॉल भरला होता. भाषणामागं हळू सनई असावी म्हणून माझा फोन ब्रुअरीच्या मोठ्या स्पीकरला जोडला. सगळ्यांना छोट्या ग्लासांतून बाटलीतली दिली. आधी नोट्स वाचल्या: पाईन, ग्रेपफ्रूट, लेदर. मग म्हटलं, घ्या.

सगळ्यांचे डोळे पाणावले. मला वाटलं, भारावले. मग संस्कृती बेसिनकडं पळाली. बुद्धभूषण खोकत खोकत म्हणाला, की आम्ही दुसरं काय म्हणत होतो? मी माझा ग्लास एका दमात रिकामा केला आणि सांगितलं, की कडू कळायला जीभ घडवावी लागते. सत्यमनं वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि माझ्या कानात म्हणाला, शिवराजभाऊ, ही माझी नाय. मी त्याला समजावलं, की कधी कधी कलाकारालाच आपली कला ओळखता येत नाही.

तेवढ्यात सनई थांबली आणि आईचा फोन आला. स्पीकरवर. मी उचलला नव्हता, बंद करायला गेलो होतो, बोट चुकलं. आई अख्ख्या हॉलला म्हणाली, की तुझा काढा फ्रिजात दिसंना, संगं नेला व्हय? बरं केलं. तो वैद्याचा पार नासला व्हता बघ, बूच काढलं तर फसकन फेस आला. तो कढीपत्त्याला वतला. अन् गुळवेल, काडेचिराईत, कडुलिंबाची साल उकळून ताजा भरला. पर दोन चमच्याच्या वर घिऊ नको बाबा, पोट धुऊन निघतं.

मतदान पुढं ढकलावं असं मी सुचवलं. पण लोक आधीच घाईत होते. हात वर करून मोजणी झाली. आयपीए कमी कराच म्हणणारे जिंकले. विरोधात एकच मत पडलं, तेही सत्यमचं. माझं पडू शकलं नाही. मी बाथरूमच्या रांगेत होतो, बुद्धभूषणच्या मागं. त्यानं मला पुढं जाऊ दिलं. माणूस वाईट नाही.

ती खरी आयपीए कशी लागत होती, हे आता फक्त आमच्या कढीपत्त्याला माहीत.

८ एप्रिल, बुधवार
विचार करता, पराभव तांत्रिक आहे. ज्या बिअरवर मत द्यायचं ती कुणी प्यायलेलीच नाही. फेरमतदान मागू शकतो. मागणार नाही. मनाचा मोठेपणा.

ग्रुपवर मला वैद्यराज म्हणतात. त्यात एक आदर आहे.

११ एप्रिल, शनिवार
जायचं नव्हतं. गेलो.

नवी पाटी लागली आहे. पहिल्या नळावर 'बुद्धभूषणची मोसंबी'. आयपीए सहाची एकच उरली, शेवटच्या नळावर. तिच्यापुढं खडूनं लिहिलंय: 'शिवराजचा काढा'. लोक तिच्यासमोर उभं राहून सेल्फी काढत होते. एकानं मलाच बाजूला सरकायला सांगितलं, पाटी झाकली जात होती म्हणून.

बराच वेळ पाहत उभा राहिलो. नाव बरोबर लिहिलंय. शि ऱ्हस्व आहे. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मोतीरामनं न विचारता काढ्याच्या नळाखाली ग्लास धरला. म्हटलं, राहू दे, मोसंबी दे. या वेळी त्यानं हळूच ग्लास बदलला.

१२ एप्रिल, रविवार, सकाळी
आई उद्या वैजापूरला जाणार. माझी अ‍ॅसिडिटी तिनं मनावर घेतली आहे. आठवडाभर रोज सकाळी वाटी घेऊन बेडरूमच्या दारात उभी. गुडघे दुखत असताना उभी, त्यामुळं नाही म्हणवत नाही. मागं काही राहू नये म्हणून पुढचा काढाही करून ठेवलाय. त्याच तपकिरी बाटलीत. त्यावर प्रेरणानं पट्टी चिकटवून नाव लिहिलंय: शिवराज.

आज वाटी रिकामी होईपर्यंत आई समोर बसून राहिली. कसा हाय, म्हणून विचारलं.

नोट्स: कडू.

आईनं गुळाचा खडा दिला. खाल्ला.