जावेला गाडी शिकवताना

प्रिय आत्यास,

तुझ्या भाचीचा सप्रेम सलाम. देवाच्या दयेने इकडे सगळे खुशाल आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी गुडघे टेकून प्रार्थना करायला मनाई केल्याचं कळलं. त्यांचं ऐक. खुर्चीत बसून केलेली प्रार्थनाही वर पोचते. (मी तर हल्ली बहुतेक गाडीतच करते. का, ते पुढे येईलच.) आतोबांना सलाम सांग, आणि त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं असेल तर जरा मोठ्याने सांग.

मागच्या पत्रात तू विचारलंस, "विश्वासात वाढते आहेस ना?" एका शब्दात 'हो' लिहून मी मोकळी होणार होते, पण तुझ्यापुढे तसलं चालत नाही, म्हणून सगळं सांगते.

झालं असं, की आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी सगळ्यांनाच धारेवर धरलं. म्हणाले, मंडळीत नाव असणं वेगळं आणि प्रभूच्या मागे चालणं वेगळं. तुम्ही इतकी वर्षं या बाकांवर बसताय, त्यात बाक झिजले, तुम्ही आहात तिथेच आहात. आणि मग त्यांनी घरचा अभ्यास दिला : ज्या माणसाचं नाव काढलं तरी कपाळाला आठी पडते, त्याच्यासाठी आजपासून रोज प्रार्थना करा. मला शोधाशोध करावी लागली नाही. माझी आठी पुढच्याच बाकावर बसली होती, अंबाडा घालून. माझ्या थोरल्या जाऊबाई.

तुला फोटोचं प्रकरण ठाऊक आहेच. (ठाऊक नसेल तरी पुन्हा सांगायला माझी हरकत नाही.) पुतणीच्या लग्नात सगळ्या घराचा फोटो काढायची वेळ आली आणि जाऊबाई मला म्हणाल्या, "तू जरा ह्या पिशव्या धर." मी पिशव्या धरून बाजूला उभी राहिले आणि फोटो निघाला. तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत लावलाय. त्यात नवऱ्या मुलाच्या मामाचा ड्रायव्हरसुद्धा आहे. मी नाही. तेव्हापासून आमचं बोलणं 'बरं आहे ना' आणि 'हो' एवढ्यावर आलं होतं.

तरी मी प्रार्थना सुरू केली. देवा, त्यांचं भलं कर (पण माझ्यापासून लांब कुठेतरी कर). पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी मी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी पुसत होते, तर समोर जाऊबाई. "मला गाडी शिकायची आहे, आणि तुझ्याकडेच शिकायची आहे." मी वर आभाळाकडे बघितलं. एवढ्या तातडीने उत्तर यावं अशी काही माझी मागणी नव्हती.

आता तू माझ्या शिकवण्याबद्दल ऐकलं असशीलच. माझ्या बाजूला एक जादा ब्रेक आहे आणि दुसरा माझ्या घशात आहे. मी ओरडले की कोपऱ्यावरचा चांभार आपलं स्टूल आत ओढून घेतो. पण जाऊबाई म्हणजे माझा घरचा अभ्यास! मी ठरवलं, यांच्यावर आवाज चढवायचा नाही. सहनशीलता म्हणजे काय ते गावाला दिसलं पाहिजे. त्यामुळे गाडी दुधाच्या टेम्पोच्या अंगावर जात असतानाही मी मधाळ आवाजात म्हणायची, "छान हं जाऊबाई, आता जमलं तर ब्रेक दाबता का?" घरी आल्यावर मात्र मी उशीत तोंड खुपसून ओरडायची. (ह्यांना वाटलं माझी दाढ दुखतेय.)

एकदा सरळ रस्ता बघून मी त्यांना मोठ्या मनाने क्षमाही करून टाकली. म्हटलं, "जाऊबाई, ते फोटोचं मी मनातून काढून टाकलंय." त्यांनी गिअर बदलता बदलता विचारलं, "कुठला फोटो?"

आत्या, इतकी वर्षं मी ते वैर एकटीने सांभाळलं, आणि त्यांना पत्ताच नाही! क्षमा करून झाल्यावर मला जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

आणि मग चर्चच्या फाटकाची गोष्ट घडली. वळायचं होतं डावीकडे. जाऊबाई थेट आवारात शिरल्या आणि उपासनांच्या वेळा लिहिलेला फलक आडवा झाला. त्याच वेळी आत महिला प्रार्थनासभा सुटत होती. सगळ्या जणी बघतायत. मी हसून म्हटलं, "काही हरकत नाही हं, जाऊबाई." तर त्यांनी स्टीअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायलाच लागल्या.

"तू ओरडत का नाहीस? बाकी सगळ्यांवर ओरडतेस, रस्त्यापलीकडे ऐकू येतं. माझ्याशीच अशी गोड बोलतेस. मला वाटतं मी शिकण्यापलीकडची आहे, आणि तू आपली माझी समजूत काढतेस." मग डोळे पुसत म्हणाल्या, "ह्यांची नजर चाललीय गं. डॉक्टरांनी गाडी बंद केली. रोज सकाळी उभ्या गाडीत जाऊन बसतात आणि काच पुसत राहतात. दवाखान्यात मीच न्यायला हवं. तू फोडून काढशील पण शिकवशील, म्हणून तुझ्याकडे आले."

पण हे सगळं बोलता बोलता त्यांनी रिव्हर्स टाकला होता आणि मागे पाळकसाहेबांची स्कूटर उभी होती.

"अगं बाई, ब्रेक दाब! ब्रेक! आरसा काय भांग पाडायला दिलाय का तुला?"

गाडी जागच्या जागी थांबली. पाळकीणबाईंच्या हातातला कप खाली पडला. 'तुम्ही'चं 'तू' झाल्याचं माझ्या लक्षात आलं आणि मी जीभ चावली. पण जाऊबाई हसत होत्या, नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी. "हे कसं," म्हणाल्या, "आता कळलं मला." मग मीही हसायला लागले, आणि आम्हाला दोघींना ते काही केल्या आवरेना. पाळकसाहेब फलक उचलत एवढंच म्हणाले, "विश्वासात वाढताना इतका आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं."

तेव्हापासून रोज गाडी सुरू करण्याआधी आम्ही प्रार्थना करतो. ती दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, डोळ्यांसाठी करते, मी रस्त्यावरच्या लोकांसाठी. मग मी ओरडते, ती उलट ओरडते, आणि शिकवणी संपल्यावर आम्ही गाडीतच बसून चहा पितो. दादांना मागच्या सीटवर घेतो. तेही तिच्या चुका काढतात.

तर विश्वासात वाढतेय की नाही, ते तूच ठरव. आतोबांना आणि सगळ्यांना सलाम.

तुझीच,
भाची

ता. क. पुढच्या आठवड्यात जाऊबाईंची लायसन्सची टेस्ट आहे. गाडी आता उत्तम चालवते. म्हणजे पास होणार, आणि मग सकाळची यायची नाही. तू शास्त्र जास्त वाचलं आहेस म्हणून विचारते : एखादी व्यक्ती एकदाच, अगदी थोडक्यात नापास व्हावी, अशी प्रार्थना चालते का?

ता. क. २. उत्तर पाठवू नकोस, मला ठाऊक आहे. दादांची पुढची तपासणी जवळ आलीय, तिने पास व्हायलाच हवं. पण ती प्रार्थना माझ्या तोंडून नीट निघत नाही. तेवढी तू कर. खुर्चीत बसून.