हातांची वही

१४ मार्च, दुपार

ताई,

पाणी उकळतंय तोवर लिहितो. सकाळपासून अकरा पोस्टरं खरवडून झाली. खळ मीच शिजवली होती, जरा जास्तच चांगली. गरम पाणी मारून पाच मिनिटं थांबायचं आणि मग कालथ्याने खालून वर जायचं. कालथा आईचा. कशाला हवाय म्हणून तिने विचारलं. भिंती साफ करतोय म्हटलं. "कधी नव्हे ते," म्हणाली.

तुम्ही सगळे खुशाल असाल असं लिहायची रीत आहे. तुम्ही खुशाल नाही हे मला ठाऊक आहे. इकडे आईचा गुडघा तसाच. छापखान्यातल्या मांजरीने पुन्हा कोऱ्या कागदांवर पिल्लं घातली. मालक आधी ओरडला, मग त्यानेच खोकं आणून दिलं. एक पिल्लू निम्मं काळं, निम्मं पांढरं आहे. ठकीला सांग.

उद्या सकाळी तुमचं सामान न्यायला ट्रक येणार हे मला दूधवाल्याकडून कळलं.

आलो. आता चौदा झाली. पाण्याची गरमी हाताला कळेनाशी झालीय.

पहिल्या पोस्टरची मला लाज नाही. तुलाही नव्हती. प्रसूतिगृह पाडून ती जागा गोदामांना दिली, आणि ज्यांना दिली त्या दोघांनी आधी महापौरांच्या निवडणुकीला पैसा पुरवला होता. एक कापडवाला, एक सिमेंटवाला. तारखा भाऊजींनीच शोधल्या, घड्याळांच्या दुकानातलं भिंग डोळ्याला लावून, पालिकेच्या जुन्या कागदांत. आठवतं? "कापडवाला आमच्यासारखाच ज्यू आहे म्हणून हात आखडू नकोस," ते म्हणाले होते. "त्याने माझ्या बायकोचं प्रसूतिगृह पाडलंय." तू म्हणालीस, "बायकोचं प्रसूतिगृह! जसं काही माहेरून आणलं होतं मी!" आणि आपण तिघं हसलो.

दोन नावं, पैसे कधी दिले, जागा कधी मिळाली, खाली महापौरांची सही. सिमेंटवाल्याने तर कापडवाल्याच्या दुप्पट दिले होते. सगळं खरं. कुणीही थांबून वाचलं नाही.

प्रसूतिगृहासाठी भांडणाऱ्या आमच्या समितीचे सेक्रेटरी म्हणाले, "हे गाड्यांचं वेळापत्रक झालं. चित्र काढ. एकच चेहरा. राग यायला चेहरा लागतो."

"दोघांतल्या कुणाचा?" मी विचारलं.

"हे मला विचारतोस?" ते म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो.

एका संध्याकाळीच काढून झालं. शहरावर वाकलेला माणूस, बोटांना दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला महापौर. नाकाचं तुला सांगायला नको. कापडवाल्याला मी दोनदा जवळून पाहिलंय, ताई. त्याचं नाक बसकं आहे. मी काढलं ते कुणाकडे बघून काढलं नव्हतं. कुणी शिकवलंही नव्हतं. तरी ते मला येत होतं, एकदाही न खोडता.

लोक थांबू लागले. मला बरं वाटलं. हे लपवत नाही.

मग तुम्ही दोघं आलात. तू पोस्टर माझ्या टेबलावर टाकलंस आणि उभीच राहिलीस. भाऊजी बसले. त्यांनी विचारलं, "सिमेंटवाला कुठे गेला?"

"जागा पुरली नाही," मी म्हटलं.

"अरे, तो केवढा धिप्पाड! पैसेही त्याने दुप्पट दिले, आधी जागा त्यालाच हवी."

मी म्हटलं, चित्रात थोडं वाढवावं लागतं. श्रीमंताला नावं ठेवली की लगेच जातीधर्मावर का नेता? त्याने जागा लाटली नाही का?

"लाटली," ते म्हणाले. "लाटली म्हणून सात वेळा लिही. महापौर विकत घेतला म्हण, मी सही करतो. पण एक करून बघ. घड्याळ चुकीचं चालायला लागलं की आम्ही एकेक चाक बदलून बघतो. या माणसाच्या जागी सिमेंटवाला ठेव. त्याला हे नाक लाव. त्याच्या हातात अख्खं शहर दे. लोक म्हणतील, हा काय खुळेपणा, सिमेंट विकणारा माणूस तो. कापडवाल्याला मात्र सगळं बरोबर बसतं. का बसतं? त्याने केलंय म्हणून? की आधीच कुणीतरी बसवून ठेवलंय म्हणून?"

तू म्हणालीस, "शिव्या त्याला दे ना. त्याच्यासोबत माझ्या पोरीला का देतोस?" मला ते अति वाटलं. तसं मी म्हटलंही. "ताई, तू ना, उगाच." तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस.

चौथ्या दिवशी ठकीच्या बाकावर कुणीतरी पोस्टर चिकटवलं. तिच्या शेजारणीने जागा बदलून घेतली. सहाव्या दिवशी दुकानाच्या शटरवर तेच नाक. काढणाऱ्याला काढता येत नव्हतं, तरी चित्र माझंच होतं. भाऊजींनी रॉकेलने पुसलं. मी समोरून पाहिलं आणि छापखान्यात गेलो. ठकीने विचारलं म्हणे, "मामाने काढलंय का?" तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही.

समितीला काल सांगितलं की ते पोस्टर मी मागे घेतो. सेक्रेटरी म्हणाले, "बहिणीने कान पिळला वाटतं!" नवं पोस्टर छापायच्या दगडावर चढवलंय. दोन्ही नावं, सगळ्या तारखा, महापौरांची सही सगळ्यांत मोठी. चित्र नाही. कुणी थांबणार नाही. तरी लावणार.

आता जे इतका वेळ टाळतोय ते.

त्या दिवशी निघताना भाऊजींनी पोस्टरवरच्या डाव्या हातावर बोट ठेवून विचारलं होतं, "ही करंगळी?" मी म्हटलं, "बोटं काय, कुणाचीही वाकतात." ते "बरं" म्हणाले आणि टोपी उचलून गेले.

खोटं बोललो. मला मनाने हात काढता येत नाहीत. चेहरे येतात, घोडे येतात, हात येत नाहीत. म्हणून सात वर्षं मी दुकानात बाकड्यावर बसून त्यांचे हात काढत आलो. चिमट्यात स्क्रू धरलेले, काच पुसणारे, ठकीची वेणी घालणारे. मोठ्या घड्याळाची स्प्रिंग सुटून वाकडी झालेली करंगळी माझ्या वहीत चाळीस वेळा तरी असेल. ते म्हणायचे, "काढ, काढ. फुकटात अमर होतोय." पोस्टरवरचे दोन्ही हात मी त्या वहीतून, पातळ कागद ठेवून उतरवले.

चुकून झालं असं लिहिलं असतं तर तू कदाचित मानलं असतंस. चुकून नाही झालं. करंगळी मला दिसली होती. सरळ करायला एक रेघ पुरली असती. मी केली नाही, कारण वाकडीच जास्त भयंकर दिसत होती.

बाजारात कुणीतरी त्यांना म्हणालं, "भिंतीवर तुम्हीच ना, मास्तर?" ते हसले असं दूधवाला सांगत होता. आल्या गिऱ्हाइकाला ते हातमोजे घालून घड्याळ परत देतात, असंही सांगत होता. त्यांनी कधी हातमोजे घातले नव्हते.

वही जाळणार होतो. जाळली नाही. ती तुमची आहे. या पत्राबरोबर तुमच्या दाराशी ठेवतोय.

माझं टेबलावरचं घड्याळ त्यांच्याकडे दुरुस्तीला आहे. त्याचं राहू दे. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठीवर ते क्रमांक घालतात, माझ्या चिठ्ठीवर नेहमी 'मेहुणा'. पैसे विचारले की म्हणायचे, तुझ्या बहिणीकडून वसूल करतो.

सामान चढवायला माणूस लागेल. उद्या सहापासून मी समोर आमच्या दारात उभा आहे. हाक मारलीस तर येईन. नाही मारलीस तरी उभा असेन.

भाऊजींना यातलं किती सांगायचं ते तू ठरव. करंगळीचं मात्र सांग.

तुझ्या नवऱ्याचे हात चोरलेला,
तुझा धाकटा


१५ मार्च, सकाळ

ताई,

हे तुमच्या नव्या पत्त्यावर टाकतोय. पत्ता दूधवाल्याने दिला.

सहाला दार उघडलं तेव्हा पायरीवर माझं घड्याळ होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. चालू आहे, वेळ बरोबर आहे. आधीच भरलेला ट्रक सव्वासहाला वळून गेला. ठकीने हात हलवला. तू समोर बघत होतीस. भाऊजींच्या मांडीवर वही होती. त्यांचे हात मला दिसले नाहीत.

घड्याळाच्या चिठ्ठीवर क्रमांक आहे. दोनशे अकरा.