पाण्याखालचं माहेर

कडेगाव,
ता. ११ नोव्हेंबर २०२४

चि. संयोगिता हिस आकारामचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. ऊस उभा आहे, तोडणीच्या टोळीचा पत्ता नाही. दिवाळीला आपला शिवतेज येऊन गेला. जाताना त्याने मोबाइलवर तुझा एक फोटो दाखवला. पाठीवर निळा पिठ्ठू, पायात पोरांचे बूट, डोक्यावर जोकरची टोपी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हटलं, ही वाईच्या कन्याशाळेची रिटायर झालेली हेडबाई की सर्कस सोडून पळालेलं कुणी?

शिवतेज म्हणाला, आत्या कोयनेच्या तलावाभोवती पायी फिरायला जाणार आहे, तंबूत झोपणार आहे, आणि बरोबरची माणसं ओळखीची नाहीत. ह्याला म्हणे बॅकपॅकिंग म्हणतात. बाई गं, मी फौजेत होतो तेव्हा पाठीवर पिठ्ठू सरकार लादायचं आणि वर पगार द्यायचं. स्वतःच्या खिशातून पैसे भरून हमाली करणारी माणसं मी ह्या जन्मात प्रथम ऐकली. आणि पाहायचं काय, तर पाणी! पाणी आपल्या विहिरीतही आहे. काठावर बसून हवं तेवढं बघ.

विलासरावांना जाऊन तीन वर्षं झाली. घरात एकटीला करमत नसेल हे मी समजतो. पण त्याला उपाय देवळं आहेत, नातेवाईक आहेत. अनोळखी टोळक्याबरोबर रानात भटकणं हा उपाय नव्हे. मला फोन करू नकोस. तोफांनी कान खाल्ले, फोनवर मला नुसती चिवचिव ऐकू येते. लिहूनच कळव.

तुझी वहिनी आशीर्वाद सांगते. ममता आहे ती राहील. अक्कल वाढावी ही विनंती.

आकाराम


वाई,
ता. २ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादांस संयोगिताचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं तेव्हा मी पिठ्ठू भरत होते. जाऊन आले. हातपाय शाबूत आहेत, हे तुमच्या निराशेसाठी आधी कळवते.

टोळक्याबद्दल तुमचा अंदाज मात्र खरा ठरला. पुण्याची सोळा-सतरा माणसं, आणि त्यांचा म्होरक्या वीरधवल नावाचा दाढीवाला. त्याने बामणोलीला उतरताच सगळ्यांना डोळे मिटून पाण्याचं बोलणं ऐकायला सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले, एकीने मिटताना फोटो काढून घेतला, आणि डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न निघाला तो चार्जिंग कुठे करायचं हा. निसर्गाशी एकरूप व्हायला आलेली ही मंडळी कोळी दिसला की किंचाळत होती. चहाला कोरा दूधवाला असे सात प्रकार. मी शाळेत पस्तीस वर्षं सहली नेल्या. सातवीतल्या मुली ह्यांच्यापेक्षा शहाण्या होत्या.

माणसं म्हणण्यासारखी दोनच भेटली. एक प्रांजल, लोणंदची मुलगी, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. सुरुवातीला मला तिचा फार कंटाळा आला, कारण ती श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही. दुसऱ्या आक्काताई, सांगलीच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, माझ्यासारख्याच एकट्या. दुसऱ्या दिवशी उतारावर त्यांचा गुडघा मुरगळला. वीरधवलने घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, वासोट्याची लाँच ठरलेली आहे, ग्रुपची शिस्त मोडता येत नाही, ताईंनी इथेच बसून डोंगराची ऊर्जा घ्यावी. मी त्याला म्हटलं, "तू जा बाबा. तुझी ऊर्जा गेली की इथे जरा बरं वाटेल." मी राहिले. प्रांजलही राहिली, आणि त्या दिवशी प्रथमच ती थोडा वेळ गप्प बसली.

आम्हाला कोंडीबा नावाच्या म्हाताऱ्या लाँचवाल्याने त्याच्या घरी नेलं. तिथेच राहिलो, पुढचे तीन दिवसही. वीरधवलची फौज परत गेली तरी आम्ही गेलो नाही. आक्काताईंनी बसल्या जागी पिठलं केलं, मी भाकरी थापल्या, प्रांजलने भांडी घासली. दादा, इतकी मी विलास गेल्यापासून हसले नव्हते.

आता खरी गोष्ट. कोंडीबाने लाँचमधून एका जागी बोट दाखवलं आणि खाली जांभुळमुरं आहे म्हणून सांगितलं. वहिनीच्या आईबापांचं गाव ते. मी त्याला विचारलं, तर त्याला घराणंसुद्धा ठाऊक होतं. मे महिन्यात पाणी हटलं की भैरोबाच्या देवळाचा चौथरा उघडा पडतो म्हणाला. हे वहिनीला वाचून दाखवा. तुम्ही दाखवणार नाही, तरी सांगते.

धाकट्या बहिणीवर रागासकट माया असावी.

संयोगिता


कडेगाव,
ता. १० डिसेंबर २०२४

चि. संयोगिता हिस आशीर्वाद.

पत्र वाचलं. माणूस जखमी झाला तर त्याला सोडून जाणारा म्होरक्या आमच्या रेजिमेंटमध्ये असता तर मी त्याला मैदानात रांगवला असता. तेवढं तू बरोबर केलंस. बाकी सगळ्यात चुकलीस.

आक्काताई सांगलीच्या, हे कळवलंस. आडनाव कळवलं नाहीस. विसरलीस की लपवलंस? तिच्या हातचं पिठलं तीन दिवस खाल्लंस, हे भावकीत बोलू नकोस. मी काही जुन्या विचारांचा नाही. फौजेत एका लंगरमध्ये सगळ्यांबरोबर जेवलो आहे. पण फौज वेगळी, घर वेगळं.

दुसरं, तुझ्या वहिनीचं माहेर. त्यात बघण्यासारखं काय आहे? चिखल. ती माणसं धरणातून उठली आणि सरकारने आपल्या वडिलांची, नानांची, गावठाणालगतची काळी जमीन कापून त्यांच्या पदरात टाकली. जमीन नजरेआड होऊ नये म्हणून नानांनी तिथेच सोयरीक केली. म्हणून तर भावकी आजही हिला धरणवाली म्हणते. मीही म्हणतो. चाळीस वर्षं म्हणतो आहे, तिने कधी तक्रार केली नाही. परवा तुझी बातमी मी तिला चेष्टेत सांगितली, म्हटलं, धरणवाले, तुझं गाव सापडलं गं, बेडकांना विचारून घे खुशाली. ती तव्यासमोर बसली होती. भाकरी करपली तेवढी.

ह्या वयात कुणाच्या डोक्यात भलतं खूळ भरू नकोस. आहे त्यात समाधान मानावं, हा आशीर्वाद.

आकाराम

ता. क. आडनाव कळव.


कडेगाव,
ता. २० जानेवारी २०२५

वन्संना बनुबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांच्या उशाखाली हुतं. चोरून न्हाई वाचलं. हे समोर बसल्यालं आस्तानाच म्होरं वढून घेतलं आन वाचलं. चौथीपतूर शिकल्ये, येळ लागला, पन समदं वाचलं. हे बगत ऱ्हायले.

वन्सं, गाव उठलं तवा मी आईच्या वटीत हुते. मला कायबी आठवत न्हाई. आई सांगायची त्येवढंच ठावं हाय. घरामागं फणस हुता. उटा म्हनल्यावर चुलीतला इस्तूबी इजवला न्हाई म्हनं, तसाच ठिवून आले. हितं आल्यावर समदी म्हनली, आमची जिमीन खायाला आली. आईनं ते आयकलं आन मरूस्तवर मान खाली घालून ऱ्हायली. म्या बी घातली. मला वाटायचं, खरंच आपुन कुनाचं तरी खाल्लंय.

तुमी लिवलंय, त्या कोंडीबाला आमचं घरानं ठावं हाय. ते वाचल्यापास्नं झोप न्हाई. म्हंजी आमी कुनीतरी हुतो. आमच्या नावानं वळखणारं एक मानूस आजून हाय.

ह्यांना इचारलं, मे मंदी घिऊन जाता का. हे म्हनले चिखलात लोळायला म्हसरं जात्यात. आन हसले. वन्सं, मी लय आयकलं. आता मला तुमच्यासंगं न्या. चालायला मी तुमच्या पुन्यावाल्यास्नी भारी हाय, जल्मभर रानात चालल्ये. तुमच्या आक्काताईंना माजा नमस्कार सांगा, गुडघ्याला एरंडाचं पान बांदा म्हनावं.

पत्राचं उत्तर माज्या नावानं धाडा. माज्या नावानं आजपतूर कंदी पत्र आलं न्हाई.

तुमची
बनुबाई


वाई,
ता. २८ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावाने. पोस्टमनला दारात थांबवून घ्या.

मे उजाडला की आम्ही तिघी तुम्हाला न्यायला येतो. गाडी प्रांजलची, ती बामणोलीपर्यंत. पुढे लाँच आणि पाय. कोंडीबाशी मी बोलून ठेवलं आहे. तो म्हणाला, माहेरवाशिणीला घेऊन या, पैशाचं बोलू नका. वीरधवल आणि त्याची ऊर्जा येणार नाही, ह्याची खात्री देते.

दादांना मी वेगळं लिहीत नाही. त्यांनी दोनदा आक्काताईंचं आडनाव विचारलं आहे. आक्काताईंचे वडील बापूसाहेब आंबेडकरी चळवळीतले, छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, एवढं दादांना सांगा. आडनाव आता त्यांचं त्यांनी ओळखावं. आयुष्यभर दुसऱ्याची पायरी मोजणाऱ्या माणसाला तेवढं गणित यायला हवं.

तुमची आणि तुमचीच
संयोगिता


कडेगाव,
ता. १२ मे २०२५

संयोगितास,

आशीर्वाद लिहिण्याची इच्छा नाही.

तुम्ही तिघी येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मुद्दाम शेतात गेलो. म्हटलं, मला न विचारता उंबरा ओलांडायची तिची छाती होणार नाही. परत आलो तर दाराला कडी. शेजारच्या तात्याबाने सगळं सांगितलं. म्हणाला, वहिनी पाठीवर पिशवी बांधून अशा निघाल्या की जणू ड्युटीवर चालल्या. गल्लीतल्या बायांनी कुठे म्हणून विचारलं तर तोंड वर करून म्हणाली, "माहेरी." सगळी गल्ली हसली असेल. तात्याबा मात्र म्हणतो, कुणी हसलं नाही. त्यालाही कान नसावेत.

आज भात केला. पातेलं खरवडायला फावडं लागेल. आमच्या युनिटचा कुक दारू पिऊन ह्यापेक्षा बरा भात शिजवायचा.

तिला सांग, तमाशा पुरे झाला. शनिवारी मी चौकात एसटीवर येईन. तेव्हा ती गाडीतून उतरलेली असावी. एवढं बोलून थांबतो, पुढचं लिहिलं तर कागद फाटेल.

आकाराम


मु. कोंडीबाचं घर, बामणोलीच्या पल्याड,
ता. १८ मे २०२५

शिवतेजच्या वडलांना बनुबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र लाँचवर आलं. शनिवार हुऊन गेला. चौकात हुबं ऱ्हायला आसाल तर उगं ऱ्हायलात.

प्रांजल म्हनली, तुमी सांगा मी लिवते. म्या न्हाई म्हनलं. माजं म्या लिवते.

काल पानी हटल्यालं बगितलं. तुमी म्हनला तसा चिखलच हाय, त्यात काय खोटं न्हाई. वाळून भेगाळल्याला. फिरस्त्यांच्या बाटल्या आन कुरकुऱ्याच्या पिशव्या पडल्यात, त्या आदी आमी गोळा केल्या. मंग कोंडीबानं देवळाचा चौथरा दावला आन तितनं वीस-पंचवीस पावलं वर नेलं. जोत्याची दगडं हुती. म्हनला, ह्ये तुमचं. ह्यो उंबरा. तुमच्या बाला म्या हितं बसल्यालं बगितलंय. तुमच्या रानातलं नाचनं समद्या गावाला पुरायचं, कुनी उपाशी आलं तर ह्याच दारात यायचं.

म्या उंबऱ्यावर बसले. रडायला यील वाटलं हुतं, न्हाई आलं. राग आला. आमी देनारी मानसं हुतो. मुंबैला दिवा लागावा म्हनून हे समदं दिलं, आन तुमी मला चाळीस वरीस खानारी म्हनलात. तुमच्या शिकल्याल्या भावकीनं बी म्हनलं. मला आता त्या समद्यांची कीव येती. तुमची बी.

हितं मला कुनी धरनवाली म्हनत न्हाई. हितं समदी धरनाचीच.

म्या बुदवारी येते. आक्काताई संगं येत्यात, चार दिस ऱ्हातील. त्यास्नी जेवायला माज्या शेजारी, तुमच्या म्होरं, मदल्या घरात ताट पायजे. वट्यावर न्हाई, परसात न्हाई. आमी चौगी एका ताटात जेवतोय ह्ये आठ दिस. जमत न्हाई आसं वाटत आसंल तर तात्याबाच्या फोनवरनं सांगा, म्या हितंच ऱ्हाते. कोंडीबाची सून म्हनती, घर मोटं हाय.

दुद तापवून ठिवत जावा, नासतंय.

बनुबाई


कडेगाव,
ता. २६ मे २०२५

चि. संयोगिता हिस आशीर्वाद.

तुझी वहिनी पोचली. उन्हाने काळी पडली आहे आणि आवाज चढला आहे; मला आता ती कानात न ओरडताही ऐकू येते, हे मला मुळीच आवडलेलं नाही. भावकीतल्या थोरल्या काकूंनी तिला जुन्या नावाने हाक मारली, तर ती वळलीच नाही. काकूंनी दोनदा हाक मारली. शेवटी त्या "बनुबाई" म्हणाल्या तेव्हा वळली. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी पेपर वाचत होतो.

आक्काताई चार दिवस राहून काल सांगलीला गेल्या. बाई फार बोलतात, माझ्या रक्तदाबावर मला न विचारता भाषण दिलं आणि माझं मीठ काढून घेतलं. भटकणाऱ्या बायांबद्दल माझं मत जे होतं तेच आहे. प्रांजल नावाच्या त्या पोरीने गाडी अंगणात लावताना माझी तुळस पाडली, तेही नमूद करून ठेव.

तू खोचकपणे विचारणारच, म्हणून कळवतो. ताट मधल्या घरात मांडलं होतं. बुधवारी दुपारी त्या आल्या तेव्हा पाटावर, पाण्याच्या तांब्यासकट, मांडून तयार होतं. त्या वेळी घरात मी एकटाच होतो, तेव्हा कुणी मांडलं हे विचारून शाई वाया घालवू नकोस.

माया आहे, ती अंगावर न येता लांबून चालू द्यावी.

आकाराम