दोघांकडेही पूर्ण प्रत

तरसाली, बडोदे
१५ नोव्हेंबर २००९

प्रिय उन्मेषभाऊ,

कौमुदीचा नमस्कार.

दिवाळी झाली. वसुंधराकाकूंनी लेकासाठी चिरोटे केले असतील. आमच्याकडे या वर्षी सगळं विकतचंच होतं. सुट्टी संपली आणि मी पुन्हा आठवी-नववीचं गणित घ्यायला लागले. अनीश बरा आहे. जिना एकटा उतरतो. उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत, म्हणून पत्र मी लिहिते आहे. तुम्ही आमचे फोन उचलत नाही, मेलला उत्तर देत नाही, त्याची तक्रार करायला हे पत्र नाही. तुम्ही हॉस्पिटलात येऊन काचेतूनच त्याला बघून गेलात, हे मला तेव्हाच सिस्टरनं सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नसणार. बायपासवरच्या त्या अपघातानं अनीशच्या डोक्यातलं मागचं जवळजवळ वर्ष पुसून टाकलं. त्याच्या आधीचं लख्ख आठवतं, नंतरचंही आता नीट लक्षात राहतं. मधलं तेवढं कोरं. म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही दोघं अजून मकरपुऱ्याच्या त्या वरच्या खोलीत एकत्र कामाला बसत होतात, आणि तुमच्या सॉफ्टवेअरच्या नोंदी मर्क्युरियलमध्येच ठेवायच्या की गिटमध्ये न्यायच्या हा तुमचा वाद अजून संपायचा होता.

घरी आल्यापासून रोज सकाळी दाढी करून तो विचारायचा, "उन्मेष आला का गं?" मी सांगायची, कामासाठी मुंबईला गेलेत. डॉक्टर म्हणाले होते, एकदम धक्का देऊ नका. पण खरं कारण ते नाही. मला धीर होत नव्हता.

वाट बघता बघता तो तुमच्याऐवजी मलाच आपली बाजू पटवायला लागला. मला त्यातलं काय कळतंय! पण बोलताना तो इतका पूर्वीसारखा दिसायचा की मी पोळ्या करता करता मुद्दाम विचारत राहायची.

"पूर्वी कोडचा सगळा इतिहास एकाच सर्व्हरवर असायचा," तो सांगायचा. "सर्व्हर बंद, की आपण हात चोळत बसायचं. आता उन्मेषकडे अख्खं भांडार आहे, पहिल्या दिवसापासूनचं, आणि माझ्याकडेही अख्खं. कुणी कुणावर अवलंबून नाही."

"मग भांडता कशावरून?"

"शाखांवरून. चालू कामाला धक्का न लावता बाजूला काही करून बघायचं, तर शाखा काढायची. गिटमध्ये शाखा म्हणजे नुसती वर चिकटवलेली चिठ्ठी. काम मुख्य धारेत मिसळलं की चिठ्ठी काढून टाकायची. मर्क्युरियलमध्ये शाखेचं नाव प्रत्येक नोंदीतच कोरलं जातं. शाखा बंद केली तरी नाव जात नाही. उन्मेषला ती अडगळ वाटते. मला वाटतं, राहावं. काय कशासाठी केलं होतं ते मागाहून कळायला हवं."

मला जानेवारीतला तुम्ही वेगळे झालात तो दिवस आठवायचा. मी डबा घेऊन आले होते आणि तुम्ही दोघं जिन्यात उभे होतात. एकच सर्व्हर असता तर त्यासाठी तरी तुम्ही अडून बसला असतात, चार माणसं मध्ये पडली असती. पण दोघांच्याही लॅपटॉपवर सगळंच होतं. तुम्ही तुमची बॅग घेतलीत, त्यानं त्याची घेतली. परत भेटायला निमित्तच उरलं नाही.

दसऱ्यानंतर एका रविवारी मी त्याला सगळं सांगून टाकलं. सावली गावातल्या कारखान्याचं बॉयलरचं कंत्राट तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलंत, मग तो काय बोलला, तुम्ही त्याच्या बाबांबद्दल काय बोललात, सगळं.

"मी उन्मेषला चोर म्हणालो?"

"हो."

"लोकांसमोर?"

"हो."

तो उठून टेबलापाशी जाऊन बसला. मग म्हणाला, "लॅपटॉप दे माझा."

त्या दिवसापासून तो न आठवणाऱ्या महिन्यांतलं स्वतःचंच काम वाचत बसायला लागला. डाव्या हाताच्या एका बोटानं. मधेच मला बोलवायचा. "हे बघ, नाव माझं आहे, लिहायची पद्धत माझी आहे. पण मला हे परक्याचं वाटतंय गं." मी चहा ठेवायची.

गेल्या बुधवारी शाळेतून आले तर तो पंखासुद्धा न लावता घामाघूम बसलेला. त्याला फेब्रुवारीतली एक बंद केलेली शाखा सापडली होती. सावलीच्या नावाची.

तुम्हाला त्याच्याच शब्दांत सांगते, माझ्याकडून चूक व्हायला नको. बॉयलरच्या सॉफ्टवेअरमध्ये, वीज जाऊन परत आली की पाणी खाली गेल्याचा इशारा वाजत नाही. हा दोष तुम्ही वेगळे होण्याआधीचा, म्हणजे दोघांच्याही प्रतीत. अनीशला तो फेब्रुवारीत सापडला. त्यानं आपल्या प्रतीत दुरुस्त केला, शाखा बंद केली आणि तुम्हाला कळवलं नाही. आम्ही त्याचे सगळे मेल तपासले. तुम्हाला एक ओळ गेलेली नाही. सावलीत मात्र तुमची प्रत चालते.

मी लगेच कारखान्यात फोन लावला. मॅनेजर प्रतापसिंहराव भले गृहस्थ आहेत. त्यांनी आधी नोंदवही मागवली. मग म्हणाले, "मागच्या महिन्यात वीज गेली होती, तेव्हा पाणी बरंच खाली गेलं होतं. आमच्या माणसाचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. इशारा का वाजला नाही, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही." आता त्यांनी प्रत्येक पाळीला बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेवर नजर ठेवायला वेगळा माणूस बसवला आहे. पण सॉफ्टवेअरला हात तुम्हीच लावायचा, आणि तुम्ही अंकलेश्वरच्या कामावर, त्यांच्याही फोनला लागत नाही. म्हणून हे पत्र आणि सोबतची सीडी वसुंधराकाकूंच्या हातात देते आहे. तुम्ही घरी आलात की आधी हेच द्यायचं त्यांनी कबूल केलं आहे.

सीडीवर तेवढीच दुरुस्ती आहे. अनीश म्हणाला, "एव्हाना त्यानं सगळं गिटमध्ये नेलं असणार, माझ्याकडून सरळ खेचून घेता यायचं नाही. बदललेल्या ओळींचा तेवढा पॅच काढून देतो. आणि त्याला सांग, लावण्याआधी ओळ न् ओळ वाच. माझ्या भरवशावर राहू नकोस."



त्यानं मला विचारलं, "कौमुदी, मी मुद्दाम लपवलं का गं? की सांगायचं राहून गेलं?"

मी म्हटलं, राहून गेलं असेल.

"तुझ्याजवळ काही बोललो होतो?"

"नाही," म्हटलं.

भाऊ, तो बोलला होता. फेब्रुवारीतच, जेवताना. चांगला खुशीत होता. म्हणाला, "सावलीत उन्मेषची एक दिवस फजिती होणार आहे. मग येईल बघ धावत माझ्याकडे." मी विचारलं, कसली फजिती? तर म्हणाला, "काही नाही, भात वाढ."

मी भात वाढला. पुढे विचारलं नाही.

तिथे बॉयलरपाशी माणसं उभी असतात, हे त्याच्या मनात तेव्हा आलं नसेल, असं मी स्वतःला समजावते. त्याला फक्त तुम्ही धावत येताना दिसत होतात. त्याच्या वागण्याची बाजू घ्यायला हे लिहीत नाही. बाजू घेण्यासारखं त्यात काही नाही. पण हे ठाऊक असलेलं जगात माझ्याशिवाय कुणी नाही, त्यालाही नाही, आणि ज्याच्यावर बेतलं असतं त्याला तरी ते कळायला हवं.

तुम्हाला संताप येईल. पोलिसांत जावंसं वाटलं तर जा, मी आड येणार नाही. पण आधी सावलीला जा.

आणि नंतर कधी तुमची पावलं तरसालीकडे वळली, तर तो तुम्हालाही तेच विचारेल, मुद्दाम की राहून गेलं. माझ्यानं ते सांगवलं नाही. तुम्ही खरं सांगितलंत आणि मी खोटी ठरले, तरी चालेल.

तुम्ही मानत असाल तर अजूनही
तुमची वहिनी,
कौमुदी