फुलांच्या टेबलावर आयरिस

११ जाने.
भाचीने शिमल्याहून आणलेल्या आयरिसच्या तीन गाठींपैकी दोन पावसात कुजल्या. उरलेली एक दिवाळीआधी फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवली, मग कुंडीत लावली. थंडी लागल्याशिवाय ही फुलत नाही, आणि बोईसरची थंडी म्हणजे पंखा एकवर. आज तलवारीसारखी सहा पानं. सहा!

१४ जाने.
माझी नणंद शालूताई संक्रांतीला मुरबे गावाहून आली. मी लाडू वळत होते, तेवढ्यात बाईंनी गाठीवर माती चढवली, वर सुक्या मासळीचं खत. गाठीची पाठ उन्हात उघडी लागते, म्हणून तर ठेवली होती. विचारलं तर म्हणे, "उघडी पडली होती बिचारी. आमी हळदीला अशीच माती चढवतो. वहिनी, तुमी शिकल्या, पण झाडाला पांघरायला नाय शिकल्या."
सणाचा दिवस, म्हणून काही बोलले नाही. (खोटं. बोलले. बरंच.)
खत चमच्याने उकरून काढलं. तरी कॉलनीतली मांजरं कुंडीभोवती.

२ फेब्रु.
गाठ एका कडेने मऊ. सुरीने कापली, हळद लावली. पानं अजून ताठ.

९ फेब्रु.
कॉलनीच्या पुष्पप्रदर्शनात नाव द्यायला गेले. सेक्रेटरी नागपूरकडचे. "मॅडम, ही पानांच्या गटात द्या ना. इथल्या दमट हवेत हिला फूल येत नसते."
पानांच्या गटात! मनीप्लँटच्या शेजारी! कॉन्व्हेंटमध्ये नन्स पाठीला पट्टी लावून ताठ उभं करायच्या. तशीच उभी राहिले, त्यांनी 'फुलं' लिहीपर्यंत.

२१ फेब्रु.
दांडा आला. जाड, सरळ, पानांच्याही वर. शालूताईला फोन केला. "माझ्या खतानं आला," म्हणाली. फोन ठेवला.

२७ फेब्रु.
प्रदर्शनाचा पहिला दिवस. कळीच्या टोकाला जांभळा रंग, पण मिटलेली. कुंडी गुलाब आणि डेलियाच्या मधे ठेवली.
सेक्रेटरी आले. "फूल कुठाय, मॅडम?"
"येतंय."
"परीक्षक येऊन राहिले ना आता."
"मग उद्याही बोलवा. प्रदर्शन उद्याही आहे."
परीक्षकांनी काही लिहिलं नाही. पण गुलाबांपेक्षा जास्त वेळ माझ्या कुंडीपाशी उभे होते, हे मी पाहिलं.
सेक्रेटरी कुंडी पानांच्या गटाकडे हलवायला आले, तर शालूताई तिथे खुर्ची टाकून बसलेली. न कळवता आली होती. "हात लावून तर बघा," म्हणाली. त्यांनी लावला नाही.
कुंडी तिथेच ठेवून आम्ही दोघी आलो. निघताना कळी हलकेच दाबून पाहिली. सकाळपेक्षा सैल वाटली. बहुतेक.